नीरेकांठचा जमाखर्च

गेल्या माघ महिन्यांत एका आप्ताच्या घरीं सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त बारामतीस जाण्याचा योग आला. दौंडास मुख्य मार्ग सोडून आमची गाडी बारामतीच्या फांट्यास लागली, तेव्हां बरोबर असलेला आमचा भाचा गुडघ्यांवर वही ठेवून सारखें कांहींतरी खोडीत होता. तो यंदा दहावींत आहे. विषय रसायनशास्त्राचा, आणि काम समीकरणें जुळविण्याचें. हायड्रोजन व प्राणवायु यांचा संयोग होऊन पाणी होतें, एवढेंच तें समीकरण. पण डावीकडे प्राणवायूचे दोन अणु आणि उजवीकडे एकच, हा मेळ त्याला बसेना. शेवटीं त्यानें पाण्याच्या सूत्रांतच प्राणवायूचा आणखी एक अणु घुसडून दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकून तो म्हणाला, “जमलें, मामा!”

“जमलें खरें,” आम्ही म्हणालों, “पण तें पाणी राहिलें नाहीं. त्याचें हायड्रोजन पेरॉक्साइड झालें. जखम धुण्यास उपयोगी पडेल, पण तहान भागविण्यास नव्हे.”

चिरंजीवांस राग आला. “दोन्ही बाजू सारख्याच झाल्या पाहिजेत, हा हट्ट तरी कशाला? देवापुढचा कापूर जळून जातो. त्याचें मागें काय उरतें? जगांत सगळेंच कोठें जुळतें?”

प्रश्न रागाच्या भरांत विचारलेला असला, तरी खोटा नव्हता. पुस्तकांतील व्याख्या म्हणून दाखवून त्याचें समाधान झालें नसतें. पुढील तीन दिवसांत नीरेच्या कांठीं त्याचें उत्तर ज्या रीतीनें मिळत गेलें, ती वाचकांस सादर करावी, म्हणून हा लेखप्रपंच.

कऱ्हेच्या कांठचें बारामती गांव जुन्या पिढीच्या वाचकांस मोरोपंतांमुळें परिचित आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयानें पंत येथें राहिले, आणि येथेंच १७९४ सालीं त्यांनीं देह ठेवला. संध्याकाळीं गांवांतून फिरतांना त्यांच्या आर्यांची गोष्ट निघाली. पंतांच्या बहुतेक आर्या गीति जातीच्या आहेत. पहिल्या अर्धांत ३० मात्रा, दुसऱ्या अर्धांतहि ३०. लघु अक्षराची एक, गुरूची दोन. आतां एका अर्धांत दोन मात्रा कमी पडल्या, तर कवीनें काय करावें? शब्दाचीं अक्षरें ओढून ताणून मात्रा भरूं गेल्यास शब्दच बिघडतो. शब्द आहे तसा ठेवून, कोणते शब्द घ्यावयाचे आणि किती घ्यावयाचे, हें ठरविणें एवढेंच कवीच्या हातीं असतें.

“रासायनिक सूत्र हा असाच एक शब्द समज,” आम्ही भाच्यास म्हणालों. “त्याच्या पोटांतला लहान आंकडा हें त्याचें अंग. त्याला हात लावलास, कीं पदार्थच बदलला. पण सूत्राच्या डाव्या अंगास मोठा आंकडा लिहावयास तुला पूर्ण मोकळीक आहे.”

त्यानें तेथेंच, नदीच्या घाटावर, वही उघडली. हायड्रोजनचे दोन रेणु, प्राणवायूचा एक, आणि उजवीकडे पाण्याचे दोन. वजनांचा ताळा पाहिला तर ४ आणि ३२ मिळून ३६, आणि पलीकडेहि बरोबर ३६. मुलाचा चेहरा उजळला. पण कापराची शंका अद्याप उरलीच होती.

येथें एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. ज्या १७९४ सालीं बारामतीस पंत निवर्तले, त्याच वर्षीं मे महिन्याच्या ८ तारखेस पॅरिस येथें लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाचा राज्यक्रांतीच्या धामधुमींत शिरच्छेद झाला. हा गृहस्थ करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळींपैकीं एक होता, आणि तेंच त्याच्या जिवावर बेतलें. पण जमाखर्चाची तीच दृष्टि त्यानें प्रयोगशाळेंतहि नेली होती. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, गोड रस आंबून त्याचा मद्यार्क कसा होतो याचा विचार करीत असतां, त्यानें हा सिद्धांत स्पष्ट शब्दांत मांडला: क्रियेच्या आधीं जितकें द्रव्य होतें तितकेंच नंतर असतें, नवें कांहीं उत्पन्न होत नाहीं, फक्त रूप पालटतें. आपल्याकडील सांख्यांचा सत्कार्यवाद याच दिशेचा खरा. परंतु तो विचारानें गांठलेला सिद्धांत होता. लाव्हाझिएनें तो तराजूनें गांठला, आणि वायूहि निसटूं न देतां तोलला, हें त्याचें वैशिष्ट्य. आजच्या शाळेंतील मुलें यालाच द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं यजमानांचे स्नेही असलेले एक बागाईतदार आम्हांस आपल्या गाडींतून नीरा डाव्या कालव्याच्या कडेनें घेऊन निघाले. १८७६-७७ च्या भयंकर दुष्काळानंतरच्या दशकांत हा कालवा झाला, आणि भाटघरच्या धरणाचें पाणी या कोरड्या मुलखांत आलें. आज दुतर्फा उंसाचे हिरवेगार फड वाऱ्यावर डुलतात. वाटेंत एका गुऱ्हाळाचा गोड, खरपूस वास आला आणि गाडी आपोआपच थांबली.

चरकांतून रस पडत होता. चुलाणावरील मोठ्या काहिलींत आदण चढलें होतें. भेंडीच्या चिकानें आणि चुन्यानें वर आलेली मळी एक माणूस झाऱ्यानें काढून टाकीत होता, आणि दुसरा चुलाणाच्या तोंडांत वाळलेलीं चिपाडें सारीत होता. म्हातारा गुळव्या थोडासा पाक थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी बोटांनीं चांचपीत होता. भाच्यानें त्यास विचारलें, “बाबा, हजार किलो उंसाचा गूळ किती होतो?”

“ऊस चांगला असंल तर शंभर, सव्वाशे.”

“आणि बाकीचे पावणेनऊशें किलो जातात कोठें?”

गुळव्यानें काहिलीवरील वाफेकडे, मळीच्या डब्याकडे, चिपाडाच्या ढिगाकडे आणि धुराड्याकडे क्रमानें बोट दाखविलें. “जातंय कुठं, दादा? हितंच तर हाय समदं. बघणाऱ्याला दिसतंय.”

पुस्तकी व्याख्या आम्हांस याहून बरी सांगतां आली नसती. पण भाच्याची कापराची शंका येथें पुन्हां जागी झाली. “वाफ आणि मळी ठीक आहे, पण चिपाड तर जळून गेलें! राख उरली मूठभर.”

तेव्हां चिपाडाच्या ढिगावर बसून आम्हीं हिशेब मांडला. चिपाडाचा मोठा भाग काष्ठतंतूंचा. त्यांच्या रेणूचा घटक म्हणजे कर्बाचे ६ अणु, हायड्रोजनचे १० आणि प्राणवायूचे ५. तो पूर्ण जळण्यास हवेंतील प्राणवायूचे ६ रेणु लागतात, आणि त्यांतून कर्बवायूचे ६ व पाण्याचे ५ रेणु बाहेर पडतात. वजनांत बोलावयाचें, तर १६२ किलो कोरडे तंतु हवेंतून १९२ किलो प्राणवायु ओढून घेतात, आणि धुराड्यांतून २६४ किलो कर्बवायु व ९० किलो पाण्याची वाफ निघून जाते. दोन्ही बाजूंस ३५४. जें ‘जळून गेलें’ असें आपण म्हणतों, तें नाहींसें तर झालेलें नसतेंच. उलट मूळच्या दुपटीहून जड होऊन आकाशांत गेलेलें असतें!

“मग कापूरहि जड होऊन जातो?” भाच्यानें विचारलें.

“हवेंतला प्राणवायु पोटांत घेऊन जातो. जड होणारच.”

आणि ही साखर तरी आली कोठून? पुष्कळांस वाटतें, कीं ऊंस ती जमिनींतून शोषून घेतो. वस्तुतः उंसाचें पान हवेंतील कर्बवायूचे १२ रेणु आणि कालव्याच्या पाण्याचे ११ रेणु घेऊन, सूर्यप्रकाशाच्या बळावर, साखरेचा १ रेणु घडवितें आणि प्राणवायूचे १२ रेणु परत करतें. ५२८ आणि १९८ मिळून ७२६. तिकडे ३४२ आणि ३८४ मिळून तेच ७२६. चुलाणाच्या धुराड्यांतून जें वर जातें, तेंच कोणत्या तरी फडाच्या पानांतून पुन्हां खालीं येतें.

गुऱ्हाळावर जें डोळ्यांनीं दिसलें, तेंच दुपारीं एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत कागदावर पाहावयास मिळालें. बारामती तालुक्यांत माळेगांव व सोमेश्वरनगर, इंदापुरांत भवानीनगर व बिजवडी, असे सहकारी कारखाने या पट्ट्यांत आहेत. हंगामांत उंसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि जमेची पहिली नोंद होते ती कांट्यावर. तेथून पुढें प्रयोगशाळेंतील केमिस्टास रात्रंदिवस एकाच प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें: उंसाबरोबर जेवढी साखर आंत आली, तेवढीचा पत्ता लागतो कीं नाहीं?

त्या सज्जन गृहस्थांनीं समजुतीसाठीं सोपे आंकडे घेऊन पद्धति सांगितली. १०० किलो उंसांत १३ किलो साखर आहे असें धरा. त्यांपैकीं ११ किलो पोत्यांत पडली. भुशांत, म्हणजे बगॅसमध्यें, ०.५५ किलो राहिली; गाळण्याच्या चिखलांत, म्हणजे प्रेसमडमध्यें, ०.०५, आणि मळींत, म्हणजे स्फटिक न होणाऱ्या काळ्या काकवींत, १.३०. बेरीज झाली १२.९०. उरलेले ०.१० कोठें आहेत? वहींत यासाठीं स्वतंत्र रकाना असतो, आणि त्याचें नांव ‘अनिश्चित घट’.

“म्हणजे एवढी साखर नाहींशी झाली?” भाच्यानें विचारलें.

“छे! नाहींशी कशी होईल? आम्हांस सांपडली नाहीं, इतकेंच.” मग त्यांनीं न सांपडण्याचीं कारणें सांगितलीं. उकळतांना वाफेबरोबर रसाचे कण उडून जातात; एखादा पंप गळतो; कांटा किंवा नमुना चुकतो; आणि रस आम्लयुक्त होऊन तापत राहिला, तर साखरेचा रेणु पाण्याचा एक रेणु गिळून द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत फुटतो. द्रव्य त्याच टाकींत असतें, किंबहुना १८ भार पाण्यानें वाढलेलें असतें. पण तें साखर राहत नाहीं आणि पोत्यांत येत नाहीं. म्हणून ‘अनिश्चित घट’ वाढली, कीं केमिस्ट दैवास बोल लावीत नाहीं. नळ, चुन्याचें प्रमाण आणि कांटे तपासावयास उठतो.

हा एक दशांशाचा रकाना क्षुल्लक नाहीं. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें उंसाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये ठरविला, आणि त्यावरील उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये वाढ दिली. म्हणजे टनामागें ३४ रुपये ६० पैसे. दहा लाख टन ऊंस गाळणाऱ्या कारखान्याच्या सभासदांचे ते ३ कोटी ४६ लाख रुपये होतात. शाळेंतील मुलास जें दोन बाजूंचें कोडें वाटतें, त्यावर या भागांत कोणाच्या मुलीचें लग्न, कोणाच्या मुलाचें कॉलेज अवलंबून असतें.

निघतांना केमिस्टांनीं मळीच्या टाकीकडे बोट दाखवून आणखी एक समीकरण मुलाच्या वहींत लिहून दिलें. साखरेचा १ रेणु व पाण्याचा १ रेणु आंबून मद्यार्काचे ४ आणि कर्बवायूचे ४ रेणु होतात. ३६० चे १८४ व १७६. जवळजवळ निम्मी साखर वायु होऊन उडते! लाव्हाझिएनें जो प्रश्न तराजूवर घातला होता, त्याच जातीची क्रिया सव्वादोनशें वर्षांनंतर इंधनाच्या मद्यार्कासाठीं येथें चालू आहे.

परततांना बागाईतदारांनीं गाडी अचानक एका आडवाटेस वळविली. “तुमच्या मुलाला हिशेबाची आवड दिसते,” ते म्हणाले. “माझाहि एक हिशेब लागत नाहीं. तो पाहून जा.”

समोर त्यांचें चार एकरांचें रान होतें. दोन्ही बाजूंस हिरवा ऊंस, आणि मध्यें हें पांढरें, पिठूळ, मधूनच काळपट डाग असलेलें शेत. ढेकूळ उचललें तर बोटांस तुकतुकीत लागे. कुंद्याखेरीज तेथें कांहीं उगवलेलें नव्हतें. आजोबांच्या वेळचें घरांतलें सर्वांत कसदार रान तें. “वडिलांनीं पाण्याला कधीं ‘पुरे’ म्हटलें नाहीं,” ते म्हणाले, “आणि रान चोपण झालें.”

ही कहाणी एकट्या त्यांची नव्हे. कालवा झाल्यावर पंचवीस-तीस वर्षांतच नीरेच्या खोऱ्यांतील जमिनी खारावूं लागल्या होत्या, आणि शेतकी खात्याचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांची या क्षारजमिनींवरील पत्रिका १९१० इतक्या जुन्या काळची आहे. कारण सरळ आहे. कालव्याचें पाणी कितीहि गोड असलें, तरी त्यांत थोडे क्षार विरघळलेले असतातच. एका लिटरांत ३०० मिलिग्रॅम धरूं. उंसास वर्षाकांठीं दोन मीटर उंचीचें पाणी दिलें, तर एकरीं सुमारें ८१ लाख लिटर होतें, आणि त्याबरोबर सुमारें २,४०० किलो क्षार रानांत येतात. पाणी पानांतून व मातींतून वाफ होऊन उडून जातें. क्षार उडत नाहींत. खालीं निचरा असेल, तर ते झिरपून जातील. नसेल, तर भूजल वर चढतें, आणि खडकांतील जुने क्षारहि बरोबर घेऊन पृष्ठभागावर येतें. जमेच्या बाजूस नोंदी होत राहिल्या, आणि खर्चाचा रकाना कोराच राहिला.

“मग उपाय नाहीं केला?” आम्हीं विचारलें.

“केला ना! दोन वर्षें जिप्सम टाकलें. गाड्याच्या गाड्या. पैसे गेले, रान तसेंच.”

भाचा उकिडवा बसून मातीकडे पाहत होता. जिप्सम काय करतें, असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें: चोपण मातीच्या कणांस सोडियम चिकटलेला असतो, जिप्सममधील एक कॅल्शियम त्या जागीं बसतो आणि दोन सोडियमांस सोडवितो, मग सोडियमचें सल्फेट होऊन तें पाण्यांत विरघळतें.

“एकाला दोन. म्हणजे समीकरण जुळलें,” तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून, “पण काका, तो सुटलेला सोडियम गेला कोठें?”

बागाईतदार कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं रानाच्या चारी बांधांवरून नजर फिरविली. कोठेंहि चर नव्हता. जो सोडियम एवढा खर्च करून मातीच्या कणांपासून सोडविला, त्यास बाहेर जाण्यास वाट ठेवलेली नव्हती. पाणी सुकलें, कीं तो पुन्हां तेथेंच.

“चर काढावयाचा, तर खालच्या चुलतभावाच्या रानांतून न्यावा लागतो,” ते हळूच म्हणाले. “आमचें बोलणें नाहीं, सात वर्षें झालीं.” आणि मग, बऱ्याच वेळानें: “बोलावें लागेल.”

२००९ सालीं स्थापन झालेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था येथून जवळच माळेगांवास आहे. क्षार, दुष्काळ अशा संकटांतून पीक कसें वांचवावें, हा तिचा विषय. शास्त्र दाराशीं आहे. पण चर चुलतभावाच्या रानांतून जावयाचा, हें कोणत्याहि शास्त्राच्या पुस्तकांत सुटत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं परत फिरण्यापूर्वीं इंदापूर तालुक्याच्या टोंकास नीरा नरसिंहपुरास जाऊन आलों. अनेक घराण्यांचें हें कुलदैवत, आणि नीरा-भीमेचा हा संगम. निघतांना यजमानीणबाईंनीं पूजेच्या निर्माल्याची एक पिशवी संगमावर सोडण्यासाठीं आमच्या हातीं दिली होती.

दर्शन घेऊन आम्ही पाण्याशीं गेलों. पश्चिमेकडून आलेल्या नीरेंत त्या सगळ्या रानांचें निचऱ्याचें पाणी होतें. भीमा आली होती ती उजनीच्या धरणांतून, आणि उजनींत मुळा-मुठेवाटे आम्हां पुणेकरांच्या मोऱ्या, न्हाण्या आणि धुण्याचा साबण येऊन मिळतो. दर पावसाळ्यानंतर उजनीचें पाणी हिरवें झालें म्हणून आपण वृत्तपत्रांत वाचतों आणि हळहळतों. पण त्या शेवाळाचें खत आपल्याच घरून जातें, हें मनांत आणीत नाहीं. मोरीवर पाणी ओतलें, कीं आपल्या लेखीं घाण ‘गेली’. बागाईतदारांच्या वडिलांच्या लेखींहि पाणी असेंच रानांत ‘गेलें’ होतें.

आम्हीं पिशवी पुढें केली. भाच्यानें फक्त आमच्याकडे पाहिलें. यावेळीं त्यानें प्रश्न विचारला नाहीं. विचारण्याची गरजहि नव्हती. संगमाचें पाणी डोळ्यांस लावलें, आणि पिशवी तशीच परत घेतली.

पुण्यास पोंचल्यावर तें निर्माल्य तुळशीवृंदावनाजवळच्या आळ्यांत पुरलें. तेथें त्याचें काय होणार, याचें समीकरण भाच्यानें मांडावयास घेतलें आहे. अद्याप जुळलेलें नाहीं. पण आतां तो सूत्रांच्या पोटांतील आंकड्यांस हात लावीत नाहीं. बारामतीहून नुकताच फोन आला होता. खालच्या रानांतून चर काढण्यास सुरुवात झाली आहे.